‘चलती का नाम गाडी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता, आणि तो आज कोणी पाहावा?

‘चलती का नाम गाडी’ हा १९५८ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल हिंदी विनोदी संगीतपट आहे. दिग्दर्शन सत्येन बोस यांचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि गीते मजरूह सुलतानपुरी यांची आहेत. अशोक कुमार, अनुप कुमार आणि किशोर कुमार हे तीन सख्खे भाऊ यात तीन भावांच्याच भूमिकेत आहेत आणि नायिका मधुबाला आहे. चित्रपटाच्या इतिहासात मैलाचा दगड वगैरे म्हणून ज्या कृतींची नावे घेतली जातात, त्या रांगेत या चित्रपटाला कोणी फारसे बसवत नाही, आणि तशी त्याची मागणीही नाही. गाडी दुरुस्त करणाऱ्या साध्या घरातील माणसांची ही गंमतीची गोष्ट असून ती चांगल्या मनाने सांगितलेली आहे. दिवसभराच्या कामाने थकलेल्या, डोक्याला फार ताण न देता पण फसवणूकही न होता दोन घटका हसू इच्छिणाऱ्या कोणीही तो पाहावा.

कथा थोडक्यात काय आहे?

ब्रजमोहन, जगमोहन आणि मनमोहन हे तीन भाऊ मुंबईत मोटारींचे गॅरेज चालवतात. थोरला ब्रजमोहन हा एके काळचा मुष्टियोद्धा. प्रेमात पदरी निराशा आल्यामुळे त्याने स्त्रीजातीवर राग धरला आहे, आणि त्याच्या धाकामुळे घरात व गॅरेजमध्ये बाईमाणसाचे नाव काढण्याची सोय उरलेली नाही. मधला जगमोहन, म्हणजे जग्गू, भित्रा आहे. धाकटा मनमोहन, म्हणजे मन्नू, हुशार पण उनाड आहे. एका पावसाळी रात्री रेणू नावाच्या श्रीमंत घरातील तरुणीची मोटार बंद पडते, ती भिजत गॅरेजमध्ये येते, मन्नू मोटार दुरुस्त करून देतो आणि मजुरीचे पाच रुपये बारा आणे न देताच ती निघून जाते. थकलेल्या त्या मजुरीच्या मागे लागता लागता मन्नू रेणूच्या प्रेमात पडतो आणि पाहता पाहता तिघाही भावांच्या आयुष्याला वेगळे वळण लागते. पुढे खलनायक आहेत, संपत्तीवर डोळा ठेवणारा एक कट आहे, मारामारी आहे आणि थोरल्या भावाच्या जुन्या दुःखाचा उलगडाही आहे. तो भाग येथे सांगत नाही, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तो हक्क आहे.

तिघे खरोखरच सख्खे भाऊ होते, याने पडद्यावर काही फरक पडतो का?

फार मोठा फरक पडतो, आणि माझ्या मते चित्रपटाचा अर्धा गोडवा तेथेच आहे. गांगुली कुटुंबातील या तीन भावांची मूळ नावे कुमुदलाल, कल्याण आणि आभास अशी होती. थोरले अशोक कुमार १९३६ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून पडद्यावर आले आणि १९४३ च्या ‘किस्मत’नंतर लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले. धाकटे किशोर कुमार त्यांच्यापेक्षा तब्बल अठरा वर्षांनी लहान, म्हणजे प्रत्यक्षातही थोरला भाऊ हा जवळजवळ वडिलांच्या जागी होता. चित्रपटातील ब्रजमोहन मन्नूवर डोळे वटारतो, तेव्हा मन्नूच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते तिच्यात लाडही मिसळलेला असतो, आणि असा मिश्र भाव दोन परक्या नटांना तालमी करूनही सहजासहजी साधत नाही.

जेवताना, गाडी ढकलताना, एकमेकांवर दोष ढकलताना तिघांचा एकमेकांशी असलेला सराव दिसतो. एकाचे वाक्य अर्धे राहिले तर दुसरा ते उचलतो. एक पुढे आला की दुसरा आपोआप मागे सरतो. अनुप कुमार यांचे नाव आज क्वचितच कोणी घेते. पण दोन मोठ्या कलावंतांच्या मध्ये उभे राहून, कोणावरही कुरघोडी न करता, घाबरट जग्गूला त्यांनी ज्या निरागसपणे उभे केले आहे, त्यासाठी या चित्रपटातील त्यांचे काम मुद्दाम लक्ष देऊन पाहावे. मधल्या भावाची घरात जी जागा असते, ती त्यांनी अगदी अचूक ओळखली आहे.

‘एक लडकी भीगी भागी सी’ या गाण्याचे एवढे कौतुक का होते?

कारण ते गाणे गॅरेजच्या कामातूनच जन्माला येते. त्या काळच्या पुष्कळ चित्रपटांत गाण्याची वेळ झाली की पात्रे हातातले काम सोडून बागेत किंवा नदीकाठी जातात. येथे मन्नू जागचा हलत नाही. मोटार समोर आहे, पान्हे हातात आहेत, बाहेर पाऊस आहे आणि झोपेच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाचा थोडा रागही मनात आहे. हत्याराच्या ठोक्यातून ताल निघतो, त्या तालावर ओळ बसते आणि तक्रारीच्या सुरात सुरू झालेले गाणे हळूहळू मन्नूच्याही नकळत प्रशंसेकडे झुकते.

शब्दांकडे लक्ष दिले तर मजरूह यांची कारागिरी कळते. नायिकेच्या रूपाला चंद्राची किंवा फुलाची उपमा दिलेली नाही. भिजलेली, झोपेच्या वेळी जागी असलेली, रस्त्यात भेटलेली एक अनोळखी मुलगी, एवढेच एखाद्या मिस्त्रीला दिसेल तसे वर्णन केलेले आहे. तिच्या केसांतून आणि पदरातून पाणी गळते आहे, तिला राग आलेला आहे आणि ती अवघडली आहे, हे सगळे तो गाण्यातूनच टिपत जातो.

दुसरी गोष्ट मधुबालाची. हे गाणे एकट्या किशोर कुमारचे आहे, तिच्या वाट्याला त्यात एकही ओळ नाही. तरीही गाणे दोघांचे वाटते, कारण प्रत्येक ओळीला तिचा चेहरा उत्तर देतो. आधी ओल्या पदराची आणि केसांची काळजी, मग या माणसाच्या आगाऊपणाचा राग, मग राग टिकवून ठेवण्याची धडपड आणि शेवटी ओठांवर आलेले हसू लपवण्याचा प्रयत्न. पुढच्या वेळी हे गाणे पाहताना किशोर कुमारकडे अजिबात न पाहता फक्त तिच्याकडे पाहून बघावे. एक संपूर्ण प्रसंग नव्याने हाती लागतो.

त्या गाण्याची चाल परदेशी गाण्यावरून घेतली आहे, हे खरे आहे का?

मुखड्याच्या चालीचे ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकन गाण्याशी साम्य आहे, हे ऐकताच लक्षात येते. कोळसा खाणीतील मजुराचे ते गाणे मर्ल ट्रॅव्हिस यांचे असून १९५५ साली टेनेसी एर्नी फोर्ड यांच्या आवाजात ते जगभर गाजले होते. मात्र त्या गाण्यात कर्जात बुडालेल्या माणसाचा जडपणा आहे, तर बर्मन यांनी त्या ठेक्यात खोडकरपणा आणला आणि अंतरा स्वतःच्या वाटेने नेला. मूळ धागा मान्य करावा आणि त्यावर विणलेले वस्त्र बर्मन यांचे आहे, हेही मान्य करावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कष्टकऱ्याच्या गाण्याची चाल शेवटी एका कष्टकऱ्याच्याच तोंडी आली, याचे मला नेहमी समाधान वाटते.

पाच रुपये बारा आणे म्हणजे आजच्या हिशेबाने किती, आणि चित्रपटात या रकमेला एवढे महत्त्व का?

सोळा आण्यांचा एक रुपया होत असे, म्हणून बारा आणे म्हणजे पाऊण रुपया आणि एकूण रक्कम पाच रुपये पंचाहत्तर पैसे. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा नवी पद्धत लागू होऊन फार काळ लोटला नव्हता. माणसांच्या तोंडी मात्र आणेच होते आणि नंतरही कित्येक वर्षे राहिले. आपल्याकडे चार आणे आणि आठ आणे हे शब्द ती नाणी गेल्यानंतरही बाजारात रुळलेले होते, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

रकमेचे महत्त्व असे की ती लहान आहे. रेणूच्या घरी तेवढे पैसे कोणाच्या खिजगणतीत नसतील, पण गॅरेजमध्ये थोरल्या भावापुढे त्यांचा हिशेब द्यावा लागतो. दोन घरांमधील अंतर दाखवण्यासाठी लेखकाने भाषणे लिहिली नाहीत. एक थकलेली मजुरी पुरेशी ठरली. ‘मैं सितारों का तराना’ या द्वंद्वगीतात तर याच रकमेचे शिखर गाठले आहे. आशा भोसले यांच्या आवाजात नायिका स्वतःला ताऱ्यांचे गाणे आणि वसंताची कहाणी म्हणवून घेते, नायक ते सारे मनापासून मान्य करतो आणि मग आधी आपले पाच रुपये बारा आणे मागतो. उच्च काव्याच्या शेजारी रोजच्या व्यवहाराची ओळ बसवली आहे, पण काव्याचा उपहास केलेला नाही. नायकाला सौंदर्यही हवे आहे आणि मजुरीही हवी आहे, आणि यात लाजण्यासारखे काही नाही, असे ते गाणे आनंदाने सांगते.

इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकत असताना किशोर कुमार यांच्यावर उपाहारगृहाची एवढीच उधारी राहिली होती आणि तेथून हा आकडा गाण्यात आला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे. परंतु गाणे तिच्याशिवायही पूर्ण आहे.

या चित्रपटात लता मंगेशकर यांचे एकही गाणे कसे नाही?

सचिनदेव बर्मन आणि लता मंगेशकर यांच्यात त्या काळात दुरावा निर्माण झाला होता आणि १९६२ च्या सुमारास तो मिटेपर्यंत बर्मन यांची गाणी प्रामुख्याने आशा भोसले यांच्याकडे गेली. या चित्रपटाचा तर त्यात फायदाच झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हाल कैसा है जनाब का’ या गाण्यात किशोर कुमार सुरांशी खेळत, आवाज वळवत, मध्येच भलतीकडे उडी मारत गातात, आणि आशाताई त्या खेळात बरोबरीने उतरतात. कोण कोणाला चिडवत आहे हे शेवटपर्यंत ठरत नाही.

गाण्यांच्या बाबतीत मराठी रसिकांनी आणखी दोन आवाजांकडे लक्ष द्यावे. कुक्कू आणि हेलन यांच्या नृत्यावर चित्रित झालेल्या ‘हम तुम्हारे हैं’ या गाण्यात आशा भोसले यांच्या जोडीला सुधा मल्होत्रा आहेत. अरुण दाते यांच्याबरोबर ‘शुक्रतारा मंद वारा’ गाणाऱ्या त्या याच. आणि ‘बाबू समझो इशारे’ या गाण्यात किशोर कुमार यांच्या सोबत मन्ना डे आहेत, ज्यांचे ‘घन घन माला नभी दाटल्या’ हे गीत महाराष्ट्रात घरोघरी ऐकले गेले.

मधुबालाचा अभिनय विनोदी चित्रपटात वाया गेला, असे म्हणतात. ते बरोबर आहे का?

मला ते मुळीच पटत नाही. १९५८ याच वर्षी ‘हावडा ब्रिज’, ‘काला पानी’ आणि ‘फागुन’ हे तिचे चित्रपटही आले, आणि त्यांत तिच्या सौंदर्याकडे कॅमेरा पुष्कळदा आदराने, थोड्या अंतरावरून पाहतो. येथे तिला भिजवले आहे, चिडवले आहे, खळखळून हसू दिले आहे. विनोदात वेळेचे भान लागते. समोरचा किशोर कुमारसारखा कोणत्या क्षणी काय करील याचा नेम नसलेला नट असताना आपली प्रतिक्रिया अर्धा क्षणही लवकर किंवा उशिरा न देणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ती मधुबालाला साधली होती. १९६० साली ‘मुगल-ए-आझम’ आला आणि अनारकलीच्या प्रतिमेने तिची बाकीची ओळख झाकून टाकली. तिच्या हृदयाच्या आजाराचा आणि १९६९ मधील अकाली मृत्यूचा विचार करताना, तिला इतके मोकळे आणि मजेत पाहण्याची संधी या चित्रपटाने जपून ठेवली, याबद्दल कृतज्ञता वाटते. त्याच १९६० साली तिचा आणि किशोर कुमार यांचा विवाह झाला.

ती जुनी गाडी कोणती होती?

ती १९२८ सालची शेव्हरोले होती, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच तिला तीसएक वर्षे झाली होती. ‘बाबू समझो इशारे’ या गाण्यात तिघे भाऊ तिच्यात बसून भोंगा वाजवत मुंबईच्या रस्त्यांवरून जातात. हे गाणे पाहताना मागच्या रस्त्याकडेही लक्ष ठेवावे; एवढ्या मोकळ्या रस्त्यांची मुंबई आता फक्त अशाच चित्रफितींत उरली आहे. गाडीला छप्पर नाही आणि दिमाखही नाही, पण तिचे मालक तिच्यावर खूश आहेत. आपल्या हाताने दुरुस्त करून चालती ठेवलेल्या वस्तूबद्दल माणसाला जो जिव्हाळा वाटतो, तो तिघांच्या बसण्यातूनही दिसतो.

चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे काही उणे वाटते का?

उलट, पावसाची ती रात्र रंगात एवढी उठून दिसली असती असे मला वाटत नाही. काळोखे गॅरेज, एका दिव्याचा उजेड, ओल्या केसांवर आणि गाडीच्या पत्र्यावर चमकणारे थेंब, हे सगळे प्रकाश आणि सावलीचे काम आहे. रंगीत फिल्म तेव्हा महाग होती आणि अशा घरगुती विनोदपटासाठी कृष्णधवल हाच व्यवहार्य मार्ग होता. त्या मर्यादेतून चेहऱ्यांकडे अधिक लक्ष दिले गेले, हा प्रेक्षकाचा लाभ.

चित्रपटात काही दोष नाहीत का?

आहेत, आणि आवडत्या चित्रपटाचे दोष लपवण्याची गरज नाही. लांबी जवळजवळ तीन तासांची आहे. उत्तरार्धात के. एन. सिंग आणि सज्जन यांचा खलपक्ष पुढे येतो, तेव्हा कटकारस्थानाच्या मांडणीत बराच वेळ जातो आणि गॅरेजमधील मोकळी हवा कमी होते. के. एन. सिंग यांचा दरारा पाहण्यासारखा आहे, परंतु त्या प्रसंगांना हवी तेवढी धार नाही. शिवाय, स्त्रियांबद्दलच्या ब्रजमोहनच्या रागावर बेतलेले काही विनोद आज कानाला खटकतात. एवढे मात्र लक्षात घ्यावे की कथा त्या रागाची बाजू घेत नाही. तो राग गैरसमजावर उभा आहे, हे ती दाखवून देते. वीणा यांनी साकारलेली कामिनी, म्हणजे ब्रजमोहनची पूर्वीची प्रेयसी, पडद्यावर येते तेव्हा अशोक कुमार यांनी आवाज जसा खाली आणला आहे, त्याने आधीचा आरडाओरडा कशासाठी होता ते उमगते.

किशोर कुमार यांचा अभिनय की गायन, अधिक चांगले काय?

या चित्रपटात हा प्रश्न विचारताच येत नाही. १९४८ च्या ‘जिद्दी’पासून ते पार्श्वगायन करत होते, पण १९५० च्या दशकात त्यांची मुख्य ओळख नट म्हणूनच होती. स्वतःचे गाणे स्वतःच पडद्यावर साकारणाऱ्या कलावंताला कोणत्या अक्षरावर भुवई उचलायची हे आधीच ठाऊक असते. ‘हम थे वो थी और समा रंगीन’ हे गाणे याचा उत्तम दाखला आहे: बोलणे कोठे संपते आणि गाणे कोठे सुरू होते, ते सांगता येत नाही. शब्द फेकावा, मध्येच थांबावे, समोरच्याकडे पाहावे आणि मग सूर लावावा, अशी ती पद्धत आहे. पुढे मराठीत ‘गंमत जंमत’साठी त्यांनी गायलेल्या ‘अश्विनी ये ना’ या गाण्यातही हाच खेळकरपणा जवळजवळ तीस वर्षांनंतर तसाच ऐकू येतो.

लहान मुलांबरोबर पाहता येईल का?

निःसंकोच पाहता येईल. भाषा सोपी हिंदुस्थानी आहे, मारामारी सौम्य आहे आणि अवघडून मान खाली घालावी असे काही नाही. तीन तास एका बैठकीत मुले बसणार नाहीत, म्हणून मध्यंतरापर्यंत एक दिवस आणि उरलेला दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी करावी. मोठ्या भावाची जरब आणि धाकट्याच्या पळवाटा ज्या घरात रोज पाहायला मिळतात, तेथील मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गाणी आधीपासून पाठ आहेत. तरी संपूर्ण चित्रपट पाहण्यात अर्थ आहे का?

आहे. ही गाणी विविध भारतीवरून आणि नंतर दूरदर्शनवरून इतकी सुटी सुटी आपल्यापर्यंत आली आहेत की त्यांच्या आधी आणि नंतर काय घडते हे अनेकांना माहीत नसते. ‘पाच रुपय्या बारा आना’ची गंमत ज्याने ती मजुरी थकताना पाहिली आहे त्यालाच पुरती कळते. गाण्यांच्या संग्रहात न सापडणारे छोटे प्रसंगही पुष्कळ आहेत. विशेषतः मोहन चोटी यांनी रंगवलेला गॅरेजमधला मौजिया दिसेल तेथे नजर त्याच्यावर असू द्यावी.

हा आवडला तर पुढे काय पाहावे?

किशोर कुमार आणि मधुबाला या जोडीसाठी ‘झुमरू’ आणि ‘हाफ टिकट’ हे १९६१ आणि १९६२ मधील चित्रपट पाहावेत. दुसऱ्यात किशोर कुमार यांचा धुडगूस अधिक आहे, कथा मात्र विरळ आहे. दिग्दर्शक सत्येन बोस यांची वेगळी बाजू पाहायची असेल तर १९५४ चा ‘जागृति’ आणि १९६४ चा ‘दोस्ती’ हे गंभीर, मुलांभोवती फिरणारे चित्रपट आहेत. दोन्हींत गाणी आहेत आणि साध्या माणसांबद्दलचा तोच आपलेपणा आहे. क्रम लावायचा झाल्यास मी आधी ‘हाफ टिकट’ सुचवीन, कारण ‘चलती का नाम गाडी’ संपल्यावर मन्नूचा सहवास आणखी थोडा वेळ हवासा वाटतो.